यंत्र बिघडलं, आता दाद कुणाकडे मागायची?

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आज मी तुमच्याशी बी-बियाणं, खत, कीड यांच्याबद्दल बोलणार नाही. बोलणार आहे ते नादुरुस्त यंत्राबद्दल. आणि सुरुवात माझ्या स्वतःच्या घरापासूनच करतो, म्हणजे वाचणाऱ्याला असं वाटायला नको की साहेब दुसऱ्याला शहाणपण सांगतात.

आमची शेती भोकरदन तालुक्यात. काही वर्षांपूर्वी वडिलांनी नवीन रोटाव्हेटर घेतला. मृगाचा पाऊस चांगला झाला, वाफसा आला, आणि दुसऱ्याच दिवशी गिअरबॉक्समधून खडखड सुरू झाली. ऑईल सीलमधून तेल गळून गेलं होतं. संध्याकाळपर्यंत यंत्र जाम! वडिलांनी विक्रेत्याला फोन केला. "मेकॅनिक उद्या येईल," असं उत्तर आलं. तो उद्या आठ दिवस उगवला नाही. शेवटी गावातल्या फिटरकडून गिअरबॉक्स खोलून घेतला. मग विक्रेता म्हणाला, "तुम्ही यंत्र खोललंत, आता वॉरंटी संपली. शिवाय त्यात तेलच नव्हतं." वॉरंटी कार्ड काढून बघितलं, तर ते कोरं! ना तारीख, ना शिक्का, ना सही. आमच्याकडे पुरावा काय? तर नुसते फोन. दुरुस्तीचा खर्च अंगावर पडला, वाफसा मोडला, आणि भाड्याचं यंत्र मिळेपर्यंत पेरणी मागे पडली.

मी कृषी पदवीधर, विस्तार अधिकारी, आणि माझ्याच घरी ही गत. याला म्हणतात दिव्याखाली अंधार. विक्रेता चुकला हे खरं. पण आम्हीही तेलाची पातळी तपासली नव्हती, कार्ड भरून घेतलं नव्हतं, एक ओळ लेखी दिली नव्हती. निम्मी चूक आमची होती. ती तुमची होऊ नये म्हणून हे चार शब्द.

पूर्वीची सोय आणि आजची अडचण

पूर्वी तिफण मोडली तर सुतार गावात होता, फाळ बोथटला तर लोहार गावात होता. काम संध्याकाळी व्हायचं आणि मोबदला खळ्यावर बलुत्यात दिला जायचा. त्या सुताराला पुढच्या वर्षी आपल्याच खळ्यावर यायचं असे, म्हणून तो काम टाळत नसे. आज यंत्र बनतं परराज्यात, विकलं जातं तालुक्याच्या गावी आणि मोडतं आपल्या बांधावर. बनवणारा आपल्याला ओळखत नाही. ती जुनी ओळख आता कागदाने भरून काढावी लागते. कागद नसेल तर आपली बाजू लंगडी, हे पक्कं समजा.

घेण्याआधी

किंमत आणि अनुदान यांच्या आधी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. एक, सुटे भाग तुमच्या दुकानात आहेत का? बेअरिंग, ऑईल सील, पाती, पट्टा हे प्रत्यक्ष दाखवायला सांगा. दोन, हंगामात मेकॅनिक किती दिवसांत शेतावर येईल? तीन, वॉरंटी कशाकशावर आहे? ट्रॅक्टरची वॉरंटी बहुधा "अमुक वर्षं किंवा अमुक तास, यातलं जे आधी होईल ते" अशी असते. तेल, फिल्टर, पाती, पट्टे हे झिजणारे भाग सहसा तीत धरत नाहीत. टायर आणि बॅटरीची हमी बहुधा त्या त्या कंपनीची वेगळी असते.

याहून चांगली चौकशी म्हणजे ज्यांनी तेच यंत्र दोन हंगाम वापरलंय अशा दोघा-तिघांना भेटणं. यंत्राच्या चाचणीचा अहवालही मागा. मध्य प्रदेशातल्या बुदनीला यंत्रांच्या चाचणीची केंद्रीय संस्था आहे. पण एक भ्रम काढून टाका. यंत्र अनुदानाला पात्र आहे याचा अर्थ त्याची दुरुस्ती गावात होईल असा नाही. महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाली, तरी विक्रेता कोणता निवडायचा हे तुमच्याच हातात आहे.

घेताना

पक्कं बिल घ्या. त्यावर तुमचं नाव, यंत्राचं मॉडेल, यंत्र क्रमांक आणि ट्रॅक्टर असेल तर इंजिन व चेसिस क्रमांक हवा. वॉरंटी कार्डावर तारीख, सही, शिक्का दुकानातच घ्या. माहितीपुस्तिका मागून घ्या, आणि मेकॅनिककडून यंत्र जोडून, चालवून बघितल्याशिवाय गाडी हलवू नका. पीटीओचा वेग किती ठेवायचा, तेल कोणत्या क्रमांकाचं, ग्रीस किती तासांनी, हे घरात जो ट्रॅक्टर चालवतो त्याला समजावून द्या. मालकाला माहीत आणि चालकाला नाही, असं बऱ्याच घरी असतं.

ठरल्या तासांची सर्व्हिस चुकवू नका, आणि दर सर्व्हिसची नोंद शिक्क्यासह करून घ्या. सर्व्हिस चुकली की कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं.

बिघडल्यावर

पहिली गोष्ट, यंत्र लगेच थांबवा. "एवढं वावर उरकून घेऊ" म्हणून खडखडतं यंत्र चालवलं की शेकड्याचं काम हजारांवर जातं.

दुसरी, मोबाईलवर फोटो काढा. तुटलेला भाग, यंत्र क्रमांक, तास दाखवणारं मीटर, सगळं त्यात यावं.

तिसरी, फोन जरूर करा, पण त्याच दिवशी लेखी तक्रारही द्या. कागद देऊन पोच घ्या, किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा. मजकूर एवढाच पुरे:

"मी अमुक तारखेला, अमुक बिल क्रमांकाने आपल्याकडून अमुक यंत्र घेतलं. यंत्र क्रमांक हा. आज अमुक तारखेला काम करताना गिअरबॉक्स जाम झाला. यंत्र वॉरंटीत आहे. पेरणी चालू असल्याने दोन दिवसांत मेकॅनिक पाठवावा. न आल्यास होणाऱ्या नुकसानीस आपण जबाबदार राहाल."

चौथी, वॉरंटीतलं यंत्र परस्पर खोलू नका. आता तुम्ही म्हणाल, "साहेब, वाफसा काय मेकॅनिकची वाट बघतो का?" बरोबर आहे. सोयाबीनची पेरणी १५ जुलैच्या आत उरकायची असते, तिथे आठ दिवस म्हणजे फार झाले. म्हणून खोलायची वेळ आलीच, तर आधी लेखी कळवा की "मेकॅनिक न आल्यामुळे नाइलाजाने दुरुस्ती करून घेत आहे." दोन शेजाऱ्यांसमोर खोला, फोटो काढा, जुना भाग भंगारात न टाकता जपून ठेवा आणि फिटरचं बिल घ्या. यानंही कंपनी कधी कधी हात झटकते, पण मग तुमच्या हातात बोलायला काहीतरी असतं.

मेकॅनिक आला की जॉबकार्ड मागा. काय बिघडलं, काय बदललं, हे त्यावर लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

दाद कुठे मागायची?

पहिली पायरी विक्रेता. दुसरी कंपनी. तिचा ग्राहक सेवेचा क्रमांक बहुधा पुस्तिकेत असतो, तिथे तक्रार क्रमांक मागून लिहून ठेवा. तिसरी पायरी, १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. तिथे मराठीत बोलता येतं.

त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, आपल्या जिल्ह्याचा जालन्यातच आहे. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला, त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २०२० पासून लागू झाला. त्यानुसार वस्तू कुठेही घेतली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला फी नाही. वकील असलाच पाहिजे असंही नाही. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करा. बिल न देणं हीच या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, हेही विक्रेत्याला जरूर ऐकवा.

यंत्र भाड्यानेही चालवत असाल तर "मी स्वतः राबून पोट भरण्यासाठी हे घेतलं आहे" असं अर्जात स्पष्ट लिहा. कारण निव्वळ व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू होत नाही.

हा प्रश्न फक्त आपलाच नाही बरं का. अमेरिकेतले मोठमोठे शेतकरीही याच दुखण्याने बेजार आहेत. त्यांच्या ट्रॅक्टरात संगणक असतो, आणि त्याची किल्ली कंपनीकडे. तिथल्या कोलोराडो राज्याने २०२३ मध्ये कायदा केला, की शेतीयंत्राचे सुटे भाग, पुस्तिका आणि दुरुस्तीची साधनं कंपनीने शेतकऱ्याला व बाहेरच्या फिटरलाही द्यावीत. तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये "दुरुस्तीचा हक्क" या विषयावर समिती नेमली, त्यात शेतीयंत्रांचा समावेश केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कंपन्यांची माहिती देणारं संकेतस्थळ सुरू केलं. ते संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे, पण मागणी रास्त आहे हे त्याने मान्य झालं.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी

यंत्राची तपासणी उन्हाळ्यात करा. एप्रिलमध्ये मेकॅनिक तुमची वाट बघतो, जूनमध्ये तुम्ही त्याची वाट बघता. आणि गावात एकाच बनावटीची चार-पाच यंत्रं असतील तर गटाने मिळून सुट्या भागांची एक पेटी ठेवा. बेअरिंग, सील, बोल्ट, पट्टा एवढं असलं तरी पुष्कळ. तक्रारही पाच जणांनी सह्या करून दिली की विक्रेता लवकर ऐकतो.

आमच्या घरी आता एक पत्र्याची पेटी आहे. तीत बिलं, कार्डं, जॉबकार्डं आणि एक वही. वडील दर वेळी ग्रीस भरलं की तारीख लिहितात. अक्षर वाकडंतिकडं आहे, पण गेल्या हंगामात सील पुन्हा गळायला लागलं तेव्हा ती वही घेऊनच ते दुकानात गेले, आणि तिसऱ्या दिवशी मेकॅनिक बांधावर आला.

तुमच्याही घरी अशी एक पेटी आजच करा.