‘सेफ डेज’ना? कुठले?

हेडफोन लावलेत ना? लावा. आजचा विषय बसमध्ये स्पीकरवर ऐकायचा नाही.

मला सगळ्यात जास्त येणारा मेसेज हा: “ताई, एकदाच झालं, कंडोम नव्हता. पण पाळी येऊन आठच दिवस झालेत. सेफ आहे ना?”

बघा, स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम 12 ते 24 तास टिकतं. शुक्राणू मात्र शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे बीज सुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे सहा दिवस जोखमीचे. 1995 साली अमेरिकेत 221 स्त्रियांचा एक अभ्यास छापून आला. त्यात पाच दिवस आधीच्या संबंधातून गर्भ राहण्याची शक्यता शंभरात 10 निघाली, आणि बीज सुटण्याच्या दिवशी 33.

मग ते सहा दिवस कुठले? इथेच तर गोची आहे. ‘चौदावा दिवस’ सगळ्यांना पाठ असतो. पण ते चौदा दिवस साधारण मागून मोजायचे असतात, पुढच्या पाळीच्या तारखेपासून. आणि ती तारीख आज कुणाला माहितीये? ॲपलाही नाही, ते मागच्या महिन्यांवरून अंदाज बांधतं. जिचं चक्र 24 दिवसांचं, तिचं बीज दहाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. तिचा आठवा दिवस अगदी जोखमीच्या मधोमध!

“पण बाहेर काढलं होतं” म्हणणाऱ्यांसाठी: वर्षभर त्याच भरवशावर राहिलेल्या शंभर जणींपैकी साधारण वीस जणींना दिवस जातात.

म्हणून झाल्यावर कॅलेंडर घेऊन बसू नका, मेडिकलमध्ये जा. इमर्जन्सी गोळी 72 तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी चांगली. चिठ्ठी लागत नाही. आणि मुलांनो, ती आणायला तिला एकटीला पाठवू नका. ही गर्भपाताची गोळी नव्हे, ती बीज सुटणं लांबवते. बीज आधीच सुटलं असेल तर तिचा भरवसा नाही. पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून कॉपर-टी बसवून घेतली तर ती गोळीपेक्षा जास्त खात्रीची.

गोळीनंतर पाळी पुढेमागे होते, घाबरू नका. संबंधानंतर तीन आठवड्यांनी घरीच टेस्ट करा, सकाळच्या पहिल्या लघवीची. दुसऱ्याच दिवशी केलेली टेस्ट निगेटिव्हच येणार, तिच्यावर पैसे घालवू नका.