विरजणाच्या कुळातील एक जंतू

साधे खरचटले तर चार दिवसांत खपली धरते आणि आपण ते विसरूनही जातो. परंतु मधुमेह झालेल्या माणसाच्या पायाची जखम पुष्कळदा अशी भरत नाही. पायाची संवेदनाच मंदावलेली असते. चपलेचा खिळा बोचला तरी कळत नाही. त्यात रक्तपुरवठा तोकडा. महिनेच्या महिने जखम वाहत राहते आणि कधीकधी पाऊल कापण्याची पाळी येते.

असे का व्हावे? जखम भरणे हे पडकी भिंत बांधण्यासारखे आहे. आधी राडारोडा उचलणारे गडी हवेत, मग गवंडी. शरीरातल्या या गड्यांना सांगावा धाडतात ती काही प्रथिने. जुनाट जखमेत प्रथिने तोडणारी द्रव्ये माजलेली असतात; सांगावा वाटेतच नाहीसा होतो. बाहेरून प्रथिन लावावे, तर तेही टिकत नाही.

मग ते जखमेतच तयार करता आले तर? स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी नेमके हेच केले. आपल्या विरजणातल्या जंतूंच्या कुळातला, आम्ल तयार करणारा एक जंतू त्यांनी निवडला: लॅक्टोबॅसिलस रॉयटेराय. सीएक्ससीएल-१२ हे प्रथिन बनवण्याची जनुकातली आज्ञा त्यात घातली. गंमत अशी, की जंतूच्या आम्लामुळे त्या प्रथिनाला तोडणारे द्रव्यही मंदावते. सांगावा धाडणारा तोच आणि राखणदारही तोच!

२०१८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंदरांच्या जखमा लवकर भरल्या; रक्तातील साखर वाढलेल्या उंदरांच्यासुद्धा. २०२३ साली ३६ निरोगी स्वयंसेवकांवरील पहिल्या चाचणीचा अहवाल आला. उपचार सुरक्षित ठरला. पण निरोगी माणसाची ताजी जखम निराळी आणि मधुमेह्याची सहा महिन्यांची जखम निराळी. खरी कसोटी तिथेच.

“मग घरचं दहीच लावू का?” असे एखाद्या आजीबाई विचारतील. नको, आजी! घरच्या विरजणात ही आज्ञा नाही, आणि त्यात आणखी कोणते जंतू आहेत ते कुणी सांगावे?

आपल्या हाती आहे ते साधेच आहे. रोज रात्री पाय धुवावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, तळवा आरशात पाहावा. अनवाणी चालू नये. चप्पल घालण्यापूर्वी आतून हात फिरवावा. आणि जखम दिसली, की “दुखत तर नाही ना, मग राहू दे” असे म्हणू नये. दुखत नाही, म्हणूनच त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.