दार्जिलिंगची सुनाखरी

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण)



सेक्रेटरींनी मला ‘बागकामाचे अनुभव’ सांगायला पाच मिनिटं दिली आहेत. बागकामात माझं ठळक कर्तृत्व एकच, मी एक झाड मारलं. ही समोरच बसली आहे, त्यामुळे खोटं बोलायची सोय नाही.

२००० साली बँकेने माझी दार्जिलिंगला बदली केली. मी दिवसभर ब्रँचमध्ये. हिला तिथली भाषा येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं. घरमालकीणबाईंना सगळे आमा म्हणत. त्या हिला ‘नानी’ म्हणायच्या. नेपाळीत नानी म्हणजे मुलगी, आजी नव्हे! त्यांच्या पडवीत लाकडी टोपलीत एक ऑर्किड टांगलेलं होतं. शास्त्रीय नाव सिलोजिनी क्रिस्टाटा, पण तिथे ऑर्किडला सुनाखरीच म्हणतात. वीतभर झाड, लिंबाएवढे चकचकीत हिरवे कंद, प्रत्येकावर दोन पानं. मार्चच्या सुमारास पांढरेशुभ्र तुरे खाली लोंबायचे, फुलाच्या आत हळदीसारखा पिवळा रंग.

या झाडामुळे दोघींची गट्टी जमली. आमा शिकवत गेल्या, ही शिकत गेली. हे झाड मुळात झाडांच्या फांद्यांवर, खडकांवर वाढणारं, त्यामुळे टोपलीत माती घालायचीच नाही. सालीचे तुकडे आणि शेवाळ. पावसाळ्यात नवे कंद भरतात, तेव्हा भरपूर पाणी. ऑक्टोबरनंतर हात आखडता घ्यायचा. हिवाळ्यात कंद सुरकुततात, तरी घाबरायचं नाही. थंड रात्री आणि कोरडी विश्रांती मिळाली तरच कळ्या धरतात. आमच्या भाषेत सांगायचं तर खातं डॉर्मंट असतं, बंद झालेलं नसतं.

२००३ च्या हिवाळ्याच्या तोंडावर पुण्याला बदली झाली, आपल्या याच सोसायटीत. ही नको नको म्हणत असताना मी आमांकडून चार-पाच कंदांचा तुकडा मागून घेतला. म्हटलं, “पुण्यात काय थंडी पडत नाही?” पडते की! पण मी फक्त जमेची बाजू धरली, एप्रिल-मे नावे टाकायचे राहिले.

हिवाळा बरा गेला. फुलं आली नाहीत, मुळं हलली होती ना. एप्रिलमध्ये ही आठ दिवस माहेरी गेली. पारा चाळिशीला टेकलेला. मला सुरकुत्या दिसल्या आणि मी सकाळ-संध्याकाळ पाणी ओतलं, वर फ्रीजमधला बर्फ. (खालच्या मजल्यावरून गळतीची तक्रार आली होती, काहींना आठवत असेल.) ही परत आली तोवर कंद तपकिरी झालेले, बोटाने दाबले तर मऊ. उकाड्यात ओली मुळं कुजतात. हिने कुजलेला भाग कापला, दोन कंद सावलीत कोरडे ठेवले. जूनपर्यंत तेही गेले.

ही मला एका शब्दाने बोलली नाही. रिकामी टोपली मात्र वर्षभर खिळ्यावर तशीच राहिली. रोज चहा पिताना मला ती दिसायची. आमांना कळवायचं धाडस हिला होईना. शेवटी पत्र मी लिहिलं, चूक माझी म्हणून. त्यांच्या मुलीने हिंदीत उत्तर लिहिलं. त्यात झाडाचा उल्लेखच नव्हता. “नानी को लेकर आइए,” एवढंच.

पुढे मार्चमध्ये गेलो. तीच पडवी, तीच टोपली, पण तुऱ्यांनी झाकून गेलेली. परत निघताना आमांनी पुन्हा तुकडा देऊ केला. या वेळी मीच हात जोडले.

आता आमा नाहीत. त्यांची मुलगी दर वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवते आणि ही तो मोठा करून तुरे मोजते. यंदा सतरा आहेत. कुणाला पाहायचा असेल तर जेवणाच्या वेळी हिलाच गाठा, मोबाईल तिच्या पर्समध्ये आहे.