सर्दीला अँटिबायोटिक का नको?

पावसाची झड लागली की घरोघरी नाकं वाहू लागतात, अंगात कणकण येते. मग कोणीतरी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवायच ॲझिथ्रोमायसिनची पट्टी घेऊन येतं. पण सर्दी आणि फ्लू होतात विषाणूंमुळे, आणि ही गोळी आहे जिवाणूंसाठी.

जिवाणू ही स्वतंत्र पेशी असते. बहुतेक जिवाणूंना स्वतःची भिंत असते, प्रथिनं तयार करणारे स्वतःचे रायबोसोम असतात. पेनिसिलिन ती भिंत नीट बांधू देत नाही, त्यामुळे जिवाणू फुटून मरतो. ॲझिथ्रोमायसिन रायबोसोमला चिकटतं आणि प्रथिनांचं काम थांबवतं. विषाणूकडे यातलं काहीच नसतं. प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेली जनुकीय सामग्री, एवढाच बहुतेकांचा संसार. तो आपल्याच पेशीत शिरतो आणि तिच्याच रायबोसोमकडून स्वतःची प्रथिनं करवून घेतो. अँटिबायोटिकने नेम धरायचा तरी कशावर?

"पण मला तर गुण आला," असं पुष्कळजण सांगतात. साधी सर्दी आठवड्याभरात आपणहून ओसरते. श्रेय मात्र गोळीला मिळतं. तोवर पोटातले काही उपयोगी जिवाणू मेलेले असतात, आणि त्या औषधाला दाद न देणाऱ्यांना रान मोकळं मिळतं. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच, नोबेल व्याख्यानात, हा धोका बोलून दाखवला होता.

मात्र ताप उतरून पुन्हा चढला, धाप लागली, कान ठणकू लागला, तर विषाणूच्या पाठोपाठ जिवाणूंनीही शिरकाव केलेला असू शकतो. तेव्हा डॉक्टरांना लगेच दाखवा. अँटिबायोटिक लागेल की नाही, हे ते तपासून ठरवतील.