शेराचा चीक आणि कातडीचा कर्करोग
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. सारा जन्म भोर-वेल्ह्याच्या शाळांतून मुलांना शिकविण्यात गेला. तरीही आज ह्या विषयावर बोलण्याची परवानगी आम्ही चिटणीसांकडे मागून घेतली. कारण कर्करोगावर अमुक झाडाचा चीक रामबाण आहे, असे हल्ली घरोघर ऐकू येते. ह्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे आणि पुष्कळ धोका आहे.

तथ्य आधी सांगतो. आपल्या अंगणातील सदाफुलीतून १९५८ साली कॅनडातील शास्त्रज्ञांनी व्हिन्ब्लास्टीन हे द्रव्य वेगळे काढले. लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर ते आजही शिरेतून देतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील नरक्या, ज्याचे लाकूड चोरून नेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यात कॅम्प्टोथेसिन असल्याचे १९७२ साली आपल्याच देशातील शास्त्रज्ञांनी दाखविले. मात्र ही द्रव्ये मिलिग्रॅमनी मोजून द्यावयाची विषे आहेत. सदाफुलीचा काढा पिणे हे औषध नव्हे.

आता कातडीकडे वळू. शेर, थोर, दुधी ह्यांच्या कुळातील एका युरोपीय तणाचा चीक ऑस्ट्रेलियातील लोक अंगावरील डागांना लावीत. गोऱ्या कातडीवर उन्हाने खरखरीत डाग उठतात व त्यांतील काहींचा पुढे कर्करोग होतो. ह्या चिकातील द्रव्याचे मलम बनले आणि २०१२ साली अमेरिकेत अशा डागांसाठी त्यास मान्यता मिळाली. आपल्या आजीबाईंच्या बटव्याचा हा केवढा गौरव! पण पुढे चाचणीत असे दिसले की, दुसरे मलम लावणाऱ्यांपेक्षा हे लावणाऱ्यांत कातडीचे कर्करोग अधिक झाले. आणि २०२० साली युरोपात ते बाजारातून काढून घेण्यात आले.

जाणत्यांना ह्यात नवल वाटले नसावे. त्याच कुळातील जमालगोट्याच्या तेलावर १९४० नंतरच्या दशकात इंग्लंडात प्रयोग झाले होते. उंदराच्या कातडीला कर्कजनक द्रव्य अगदी थोडे लावून नंतर हे तेल वारंवार चोळले असता गाठी उठत. शेराच्या चिकातही त्याच जातीची द्रव्ये आढळली आहेत. चामखिळीवर शेर आणि भेगांवर बिब्बा लावणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. बिब्ब्याने तर कातडी सरळ भाजते.

आपली कातडी सावळी, म्हणून उन्हाचा कर्करोग आपल्यांत कमी. आपल्याकडे तो बहुधा जुन्या भाजल्याच्या वणावर, वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेत उद्भवतो. धोतराची गाठ नित्य काचते तेथे, कमरेवर, होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ सालीच केले आहे. लुगडे नेसणाऱ्या भगिनींनीही तेथील काळा, खरखरीत पट्टा पाहात असावे.

वेल्ह्याकडील आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याच्या पोटरीवर लहानपणी भाजल्याचा वण होता. पन्नाशीत तेथे जखम झाली. त्यांनी पाला बांधला, मग बिब्बा, मग चीक. दोन पावसाळे असेच गेले. प्रथमच दाखविले असते तर तेवढा भाग कापून निभावले असते. पुण्यास नेले तेव्हा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. ते आजही आहेत, परंतु आवणीस मजूर लावावे लागतात.

तेव्हा जी जखम महिनाभरात भरत नाही, जिच्या कडा जाड होऊन वर येतात, जिला हात लागताच रक्त येते, किंवा जो तीळ आकार वा रंग बदलतो, तो डॉक्टरांस दाखवावा. तळपायावरील काळा डाग विशेषेकरून पाहावा. मुरूम समजून तो टाकून देतात. डॉक्टर जागा बधिर करून लहानसा तुकडा तपासणीस काढतात, त्यास थोडी मिनिटे लागतात. सुरी लागली की रोग भडकतो, अशी भीती आमच्या भागात फार आहे. तुकडा काढल्याने कातडीचा कर्करोग पसरत नाही. उलट त्यावाचून तो कोणता हेच कळत नाही.