शेतांच्या वरून वाहणारी नदी

मागच्या भागात आपण नाईलबद्दल बोललो. आज ठरल्याप्रमाणे मेसोपोटेमिया, म्हणजे तैग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्यांमधला प्रदेश.

शाळेत आपण सगळ्यांनी एक वाक्य पाठ केलंय : नद्यांकाठी सुपीक गाळ साचला, शेती सुरू झाली, संस्कृती उदयाला आली. वाक्य चूक नाही. पण त्यातून असं वाटतं की नदी एका जागी गुमान वाहत होती आणि माणसं येऊन तिच्या काठावर बसली. दक्षिण इराकमध्ये, म्हणजे जुन्या सुमेरमध्ये, नदी एका जागी राहतच नव्हती.

आधी जमीन समजून घेऊ. बगदाद समुद्रापासून सुमारे ५०० किलोमीटर आत आहे आणि त्याची उंची आहे फक्त ३५ मीटरच्या आसपास. ताटासारखं सपाट! आपल्या दख्खनच्या नद्या कठीण खडकात खोल पात्र कापतात. पूर ओसरला की पाणी परत त्याच पात्रात. तिकडे उलटं. तुर्कस्तानच्या डोंगरांतून गाळ घेऊन आलेलं पाणी सपाटीवर मंदावतं आणि गाळ तळाशी नि काठांवर टाकत जातं. शतकानुशतकं हे चालतं. तळ वर येतो, काठ वर येतात, आणि शेवटी नदी आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहायला लागते.

शेतकऱ्याला यासारखं सुख नाही. मोट नको, काही नको. काठाला तोंड पाडा, पाट काढा, पाणी आपोआप शेतात उतरतं. आणि त्याची गरजही तितकीच होती, कारण तिथे वर्षाला जेमतेम १५० मिलिमीटर पाऊस. आपल्या आटपाडी-माणच्या दुष्काळी पट्ट्यात याच्या दुपटीहून जास्त पडतो. म्हणून उरुक, निप्पूर, उर अशी मोठी शहरं प्रामुख्याने युफ्रेटिसच्या शाखांवर वसलेली दिसतात. तैग्रिसला पाणी जास्त, पण ती वेगवान आणि खोल. तिला पाटात वळवणं अवघड.

आता दुसरी बाजू. डोंगरातला बर्फ वितळून पूर येतो एप्रिल-मेमध्ये, नेमका जव कापणीला आलेला असताना. नाईलचा पूर पेरणीच्या आधी येऊन जायचा, हा केवढा फरक बघा. हम्मुराबीच्या कायद्यात (इसवी सनपूर्व १७५० च्या सुमारास) यावर कलमंच आहेत. बांध नीट न राखल्यामुळे तो फुटला आणि शेजाऱ्यांचं पीक बुडालं, तर बांधवाल्याने धान्य भरून द्यायचं. ऐपत नसेल तर त्याला आणि त्याच्या मालमत्तेला विकायचं, आणि आलेले पैसे बुडालेल्यांत वाटून टाकायचे.

पण बांध फुटणं हे छोटं संकट. उंचावरून वाहणारी नदी एखाद्या पुरात काठ फोडते आणि खालच्या सखल भागातून नवी वाटच धरते. मग जुनं पात्र कोरडं, त्यावरची गावं कोरडी. रॉबर्ट मॅककॉर्मिक ॲडम्स या पुरातत्त्वज्ञाने वर्षानुवर्षं तिथली वाळवंटं पालथी घातली, विमानातून घेतलेले फोटो तपासले. आज जिथे थेंबभर पाणी नाही, तिथे टेकाडं ओळीने उभी. ती ओळ म्हणजे हरवलेली नदी.

अशा देशात राज्याची सीमा म्हणजे काय? कालवा. उम्मा आणि लगाश या दोन शहरांचं गुएदेना नावाच्या सुपीक पट्ट्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडण चाललं. उम्मा वरच्या अंगाला, लगाश खालच्या. इसवी सनपूर्व २४५० च्या सुमारास लगाशच्या एआन्नातुम राजाने लढाई जिंकली आणि विजयशिला कोरून घेतली. ती आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. मेलेल्या सैनिकांची मुंडकी गिधाडं उचलून नेताहेत असं चित्र तिच्यावर आहे. तरी तंटा मिटला नाही. उम्माने पुन्हा सीमेवरच्या कालव्यांचं पाणी वळवलं. पुढे एआन्नातुमचा पुतण्या एन्मेतेना याने तैग्रिसवरून वेगळा कालवा आणला. माझ्या मते त्या शिलेपेक्षा हा कालवा जास्त बोलका आहे. वरच्याच्या मर्जीवर जगायचं नसेल तर दुसरं पाणी शोधा, हे साडेचार हजार वर्षांपूर्वी कळलेलं होतं.

आणि मीठ. शिरोळ, वाळवा, मिरजेकडचे श्रोते असतील तर त्यांना हे समजावून सांगायला नको. पाणी भरपूर, निचरा नाही, ऊन कडक. भूजल वर चढतं आणि जमीन पांढरी पडते. क्षारपड. सुमेरमध्ये हेच झालं. थॉर्किल्ड जेकबसेन आणि ॲडम्स यांनी १९५८ मध्ये मांडलं की गहू मागे पडून जव वाढला, कारण जव खारट जमीन जास्त सोसतो. आणि पुढे दक्षिणेची सत्ता खचण्यात याचा मोठा वाटा होता. यावर इतर अभ्यासकांनी बरेच आक्षेप घेतलेत. मला विचाराल तर एकट्या मिठाने एवढी शहरं मरत नाहीत. पण आधीच थकलेल्या जमिनीवरून नदीही निघून गेली, तर माणसं थांबणार कशाला?

उरचंच बघा. जहाजं लागायची अशी बंदरं होती या शहराला. लेनर्ड वूलीने १९२२ ते १९३४ या काळात तिथे उत्खनन केलं, तेव्हा राजघराण्याच्या कबरींत आपल्या सिंधू संस्कृतीकडून गेलेले लाल कार्नेलियनचे मणी निघाले. ते समुद्रमार्गे आले असणार. तेव्हा खाडीचं टोक उरपासून आजच्यापेक्षा खूपच जवळ होतं. नद्यांनी गाळ टाकून समुद्र मागे ढकलला आणि युफ्रेटिसने पात्र बदललं. आज उरच्या झिगुरातवर उभं राहिलं, तर चहूबाजूंना धूळ दिसते. नदी तिथून काही कोस लांब, नासिरियाकडून वाहते आहे.

पुढच्या भागात बॅबिलॉन. प्रश्न असतील तर कळवा, तिथे घेऊ.