पुराचा विमा परवडेल, पण एकेकट्याने नाही

मी विमा एजंट नाही, साधा सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. तरी आज विम्यावर बोलणार आहे, कारण विषय माझ्या मामांच्या दुकानाचा आहे.

सप्टेंबर २०२५ च्या शेवटी जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या आसपास पाणी गोदावरीत सुटलं. मामांचं किराणा दुकान पैठण तालुक्यात, नदीकाठच्या गावात. दुकानात कमरेएवढं पाणी. साखर विरघळली, डाळी आंबल्या, फ्रीज गेला. मी विचारलं, "विमा होता का?" मामा म्हणाले, "विमाबिमा आपल्याला परवडतो का रे?"

मी पासबुक चाळलं. दर वर्षी खात्यातून हप्ता कापला जात होता! दुकानावर कर्ज होतं, म्हणून बँकेनेच पॉलिसी काढलेली. मामांना त्याचा पत्ताच नव्हता. आणि पॉलिसीवर पत्ता होता चार वर्षांपूर्वी सोडलेल्या जुन्या गाळ्याचा. दावा अजून अडकलेला आहे.

म्हणजे पॉलिसी नाहीतच असं नाही. १ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआयने प्रमाणित पॉलिसी आणल्या. घरासाठी 'भारत गृह रक्षा', पाच कोटींपर्यंतच्या व्यवसायासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'. दोन्हींत पूर धरलेलाच आहे. मग घोडं अडतं कुठे?

एक सोपं गणित करू. आकडे कल्पित आहेत. ओढ्याकाठी शंभर घरं. दहा वर्षांतून एकदा पाणी शिरतं आणि प्रत्येकाचं लाखाचं नुकसान होतं. फक्त या शंभर घरांनी विमा काढला, तर प्रत्येकाला वर्षाला दहा हजार रुपये भरावे लागतील. कोण भरेल? पण शहरातली दहा हजार घरं सामील झाली, तर तेच ओझं घरटी शंभर रुपयांवर येतं. वर कंपनीचा खर्च, एवढंच.

तुम्ही म्हणाल, सिडकोत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने खाम नदीकाठच्या घराचं का भरावं? अहो, नाले बुजवून, सगळीकडे काँक्रीट ओतून ते पाणी खाली कोणी ढकललं? आपणच ना! ब्रिटनमध्ये २०१६ पासून 'फ्लड री' नावाची योजना आहे. घरांचा विमा विकणाऱ्या सगळ्या कंपन्या तिच्यात वर्गणी भरतात, आणि पूरप्रवण घरांचा हप्ता आवाक्यात राहतो.

आपल्याकडेही वाट तयार आहे. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे वीस रुपये खात्यातून आपोआप कापले जातातच. तसाच छोटा पूर विमा का नको? सर्व्हेअर, बिलं, पंचनामा असलं काही नको. मामांची बिलं तर साखरेबरोबरच गेली. महसूल मंडळात दिवसाला ६५ मिलिमीटर पाऊस झाला की आपण अतिवृष्टी मानतो. पर्जन्यमापकं आहेत, धरणाच्या विसर्गाचे आकडे आहेत. ठरलेली पातळी ओलांडली की ठरलेली रक्कम थेट खात्यात! नागालँडने २०२४ मध्ये राज्य पातळीवर असाच विमा घेतला.

यात एक खोट आहे, तीही सांगतो. पाऊस वरच्या मंडळात पडतो आणि पाणी खालच्या गावात शिरतं. म्हणून एकट्या पावसावर विसंबून चालणार नाही, नदीची पातळीही धरावी लागेल.

आणि सरकारला एक साधं मागणं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. त्याच आठवड्यात मराठवाडा पाण्यात होता, आणि घराच्या विम्यावर मात्र १८ टक्के कायम. तोही काढा ना.

हे होईल तेव्हा होईल. आज रात्री मात्र एक काम करा. घरातल्या, दुकानातल्या कर्जाची कागदपत्रं काढा. पॉलिसी आहे का, पत्ता बरोबर आहे का, माल धरलाय का, मुदत कधी संपते, एवढं बघा. मामांसाठी मी ते आठ दिवस आधी केलं असतं, तर आज वेगळी गोष्ट सांगितली असती.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!